उसनी मोटार

उसनवारी हा आपल्या संसाराचा जुना धर्म आहे. वाटीभर साखर, लग्नापुरता शालू, पाहुण्यांसाठी चार गाद्या, सारे शेजारून येते आणि परत जाते. आमच्या भाईंदरच्या इंद्रलोकात आता या यादीत मोटारही आली आहे. दिवाळीला गावी निघायचे म्हटले, की मेहुण्याच्या नाहीतर मित्राच्या गाडीची किल्ली खिशात येते. साखर सांडली तर वाटी भरून देता येते. मोटारीखाली माणूस सापडला तर काय भरून द्यायचे? मी मॅट्रिक झालेला मास्तर, वकील नव्हे. पण कायद्याने हा हिशेब कसकसा मांडला, त्याचा इतिहास प्रत्येक घराने वाचावा असा आहे.

१८६० च्या दंड संहितेत हयगयीने घडलेल्या मृत्यूसाठी स्वतंत्र कलमच नव्हते. ३०४अ हे कलम आले १८७० साली. शिक्षा, फार तर दोन वर्षे. रस्त्यावर तेव्हा बग्ग्या आणि बैलगाड्या होत्या, मोटारीचा जन्मही व्हायचा होता. पुढे मोटारी आल्या, वेग वाढला; माप मात्र बग्गीचेच राहिले.

१९३९ च्या मोटार कायद्याने विम्याची सक्ती आणली. ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. तेव्हापासून अशा अपघाताच्या दोन वह्या झाल्या. भरपाईची वही मालकाच्या आणि विमा कंपनीच्या नावे. गुन्ह्याची वही, चाक ज्याच्या हाती होते त्याच्या नावे. गाडी कोणाची का असेना, तुरुंगाची वाट चालवणाऱ्यालाच चालावी लागते.

बग्गीचे माप अपुरे आहे, हे मुंबईने १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पाहिले. वांद्र्याच्या कार्टर रोडवर मद्य घेतलेल्या तरुणाची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात ठार, आठ जखमी. सत्र न्यायालयाने ३०४अ खाली सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने २००७ साली हा सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षे केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी ती कायम केली. नशेत गाडी हाकणाऱ्याला परिणामाची जाणीव असतेच, हे त्यातले मर्म.

“पण सर, गाडी बाबांची असली तर?” असे एका विद्यार्थ्याने मला विचारले होते. मग बाबाही सुटत नाहीत. बिनपरवाना माणसाला गाडी देणे हा मालकाचा गुन्हा १९८८ च्या कायद्यात आहेच. २०१९ च्या दुरुस्तीने तर अज्ञान मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड ठेवला. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करायचे. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या हातच्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा वडिलांनाही अटक झाली. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेने हयगयीच्या मृत्यूची शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली. बग्गीचे माप बदलायला दीडशे वर्षे लागली!

आयजीच्या जिवावर बायजी उदार होते, तोवर गंमत असते. मोटारीच्या बाबतीत आयजी म्हणजे रस्त्याने जाणारा कोणी अनोळखी माणूस. तेव्हा या दिवाळीत कोणी किल्ली मागितली, तर फराळाची बशी पुढे करताना परवानाही मागावा. मेहुणे रुसतील, फराळ झाला की हसतीलही.