नवदांपत्याचें पहिलें घर : खाडीपलीकडील इतिहासाचें एक पान

कोणत्याही धर्मग्रामाचा इतिहास लिहितांना मंदिराचा पाया, घंटा, वेदी व धर्मगुरूंची नामावलि यांचा उल्लेख प्रथम होतो, आणि तें योग्यच आहे. परंतु जेथें माणसें राहावयास आलीं नाहींत तेथें मंदिर उभें राहत नाहीं. नवी मुंबईसारख्या नव्यानें वसलेल्या नगरींत ज्यांनीं आरंभीं बिऱ्हाडें मांडलीं, त्यांत नुकतींच विवाहबद्ध झालेलीं जोडपींही होतीं. त्यांच्या पहिल्या चुलीची नोंद कोणी दप्तरांत केली नाहीं. महोत्सवाच्या या प्रसंगीं इतिहासाचें तें पान वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

हीं जोडपीं खाडी ओलांडून कां आलीं, हें समजण्यास प्रथम मुंबईच्या चाळीकडे पाहिलें पाहिजे. १९४७ सालच्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या भाडेकरूंस संरक्षण मिळालें. परंतु भाडीं गोठल्यामुळें भाड्यानें देण्याकरितां नवीं घरें बांधण्यांत मालकांस लाभ उरला नाहीं, आणि रिकामी झालेली खोली पागडीवांचून मिळेनाशी झाली. लहानशा एका खोलींत आईवडील, भावंडें, गांवाहून नोकरीच्या शोधांत आलेला एखादा चुलता; त्यांतच नव्या सुनेनें पाऊल ठेवावयाचें. एका दोरीवर जुनें लुगडें टांगलें, कीं ती झाली नवदांपत्याची खोली! पुरुषमंडळी गॅलरींत अथवा जिन्याखालीं पथाऱ्या टाकीत. हंसणेंही हळू आणि रडणेंही हळू, अशा स्थितींत कित्येकांच्या संसाराचीं पहिलीं वर्षें गेलीं.

या कोंडमाऱ्याचा विचार करणाऱ्यांत चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल हे तिघे प्रमुख होते. मुंबई उत्तरेकडे लांबवीत नेण्याऐवजीं खाडीच्या पूर्वतीरावर नवें नगर वसवावें, अशी सूचना त्यांनीं १९६५ सालीं 'मार्ग' या नियतकालिकांतून मांडली. शासनानें ती पुढें स्वीकारली. १७ मार्च १९७० रोजीं सिडको हें महामंडळ स्थापन झालें आणि १९७३ सालीं नगराच्या विकासाचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास वाशीचा पूल वाहतुकीस खुला झाला. कोरिया हे गोमंतकीय कॅथलिक कुळांतले. दादर येथें 'पोर्तुगीज चर्च' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मंदिराची आजची वास्तु त्यांच्याच कल्पनेंतून उतरली आहे, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. आरंभीच्या काळांत ते सिडकोचे प्रमुख वास्तुशिल्पी होते.

वाशीस पहिलीं बिऱ्हाडें आलीं तेव्हां तेथें नगराची आखणी होती, नगर नव्हतें. रेल्वे वाशीस पोहोंचली ती १९९२ सालीं. त्यापूर्वीं मुंबईंत नोकरी असलेल्या पतीस बसगाडीवर अवलंबून राहावें लागे. तो पहाटे निघे आणि दिवे लागल्यावर परते. मुंबईंतील घाऊक बाजार १९८० नंतर एकेक करून वाशीस आले. तोंवर वर्दळही बेताचीच होती. चाळीची गर्दी जिला नकोशी झाली होती, त्याच वधूस येथील निःशब्द दुपार त्याहून जड वाटे. दाराला कडी लावण्याचें सुख प्रथमच लाभलें. परंतु ती कडी वाजविणारें कोणी नाहीं, हें दुःखही प्रथमच कळलें. मीठ किती घालावें हें विचारावयास सासू नाहीं, आणि रुसवा काढावयास नणंदही नाहीं. जें काय भांडावयाचें तें दोघांनींच भांडावयाचें आणि दोघांनींच मिटवावयाचें. विवाहाच्या वेळीं वेदीपुढें दिलेल्या वचनाचा अर्थ अशा घरांत लवकर समजतो.

हळूहळू शेजार जुळला. कोणी वसईकडील, कोणी संगमनेर-राहुरी बाजूचे, कोणी गोमंतकांतले. आणि पलीकडच्या दारीं हिंदु, मुसलमान वा शीख कुटुंब. एकीच्या डब्यांतील पीठ दुसरीच्या तव्यावर जाऊं लागलें. घराची किल्ली शेजारणीकडे राहूं लागली, आणि बाळंतपणास माहेरची आई येऊन पोहोंचेपर्यंत शेजारीणच आई झाली. धर्मगुरूंनीं येऊन आशीर्वाद दिला, भिंतीवर क्रूस लागला, चार शेजारी पाट मांडून बसले, म्हणजे बिऱ्हाडास घर हें नांव शोभूं लागे. सिडकोनें भिंती दिल्या. घर मात्र शेजारानें दिलें.

परंतु एवढें सांगून थांबलों तर इतिहास अर्धाच सांगितल्यासारखें होईल. ही भूमि ओसाड नव्हती. नव्या नगरासाठीं ९५ गांवांच्या जमिनी निश्चित करण्यांत आल्या. आगरी व कोळी लोक तेथें पिढ्यान्‌पिढ्या भात, मीठ व मासळी यांवर निर्वाह करीत होते. खाजणांत मातीचे बांध घालून आणि उघाडीचीं दारें बसवून त्यांनीं भरतीच्या पाण्यापासून शेतें राखलीं होतीं. पुढें वाशीचा सखल भाग वसवितांना अभियंत्यांनाही बांध व धारण-तलाव यांचाच आश्रय घ्यावा लागला, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

त्या गांवांतही लग्नें होत होतीं. मांडवांत धवलारीण धवले गाई, हळद लागे, आणि नवी सून घरांत येई. कुटुंब वाढलें म्हणजे बापाच्या घरास लागून, परसाच्या बाजूस, एक खोली वाढवावयाची ही साधी रीत. शेतें संपादित झाल्यावर गांवठाणाची सीमा तेवढीच राहिली. कुटुंबें मात्र वाढत गेलीं. दुसऱ्या व तिसऱ्या मुलाचें लग्न झालें तेव्हां खोली कोठें बांधावी? कालपर्यंत जी आपली जमीन होती, तिच्यावरच ती बांधिली गेली; आणि कागदोपत्रीं ती अनधिकृत ठरली. लोकांनीं अशा घरांस दिलेलें नांव फार बोलकें आहे : 'गरजेपोटी बांधलेलीं घरें'.

या जमिनींच्या योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं मोठें आंदोलन झालें. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं उरण तालुक्यांतील जासईच्या परिसरांत झालेल्या गोळीबारांत पांच जणांनीं प्राण गमावले. त्यानंतर, १९९० सालीं, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. गरजेपोटी बांधलेलीं घरें नियमित करण्यासंबंधीं शासनानें २०२२ सालीं निर्णय काढला. तोंवर त्या घरांत जन्मलेलीं मुलें स्वतः लग्नाचीं झालीं होतीं.

येथें एक तुलना करावीशी वाटते. १९८० नंतरच्या दशकांत कोरिया यांनीं बेलापूर येथें एक वसाहत उभारली. ती आर्टिस्ट्स व्हिलेज या नांवानें ओळखली जाते. तींत सात सात घरें एका लहान चौकाभोंवतीं मांडिलीं आहेत. कोणत्याही घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीस जोडलेली नाहीं. हेतु हा, कीं कुटुंब वाढेल तसें प्रत्येकानें आपलें घर वाढवावें आणि शेजाऱ्यास उपद्रव होऊं नये. संसार वाढतो तेव्हां घरासही वाढावें लागतें, हें तत्त्व त्या थोर शिल्पकारानें ओळखलें, आणि जगभर त्याची वाखाणणी झाली. आगरी बापास तें तत्त्व कोणी शिकविलें नव्हतें. तोही तेंच करीत आला होता. परंतु एकाची वाढ आराखड्यांत बसली, आणि दुसऱ्याची वाढ गुन्हा ठरली.

आज पुलापलीकडून येणारीं जोडपीं उंच इमारतींत राहतात, उद्वाहनानें चढतात आणि वर्षांचे हप्ते फेडतात. तरी पहिल्या दिवसाची धास्ती तीच आहे, आणि तिच्यावरील औषधही तेंच आहे. आपल्या मजल्यावर नवें जोडपें आलें, तर त्यांच्या दारावर प्रथम आपली थाप पडावी. चहाचे दोन पेले व आपलें नांव एवढें नेलें तरी पुरे. आणि कामास येणारी मावशी, मासळी विकणारी कोळीण अथवा रिक्षा चालविणारा तरुण जवळच्या गांवांतला असेल, तर त्याच्या घरच्या लग्नाचें आमंत्रण आपण आनंदानें स्वीकारावें. ज्या जमिनीवर आपला पहिला संसार उभा राहिला, ती कोणाच्या तरी भाताची होती. एवढें स्मरण ठेवून त्या मांडवांत जाऊन बसणें, हें शेजारधर्माचें पहिलें कर्तव्य होय.