बॅटची ग्रिप बदला घरच्या घरी

केळीच्या बागांसाठी ओळखले जाणारे हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा असो की मुंबई-पुण्याची मैदाने, क्रिकेटच्या बॅटची पहिली तक्रार बहुधा एकाच जागी सुरू होते. ती जागा म्हणजे मुठीवरचे रबरी आवरण, अर्थात ग्रिप. सततच्या वापराने ती गुळगुळीत होते, वर सरकते आणि शेवटी फाटते. शहरातील खेळाडू ती जवळच्या दुकानातून बदलून आणतो. गावातील खेळाडूला त्यासाठी नांदेड किंवा हिंगोलीची वाट धरावी लागते. मग फाटकी ग्रिप तशीच चालवून घेतली जाते, नाहीतर तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला जातो. वास्तविक हे काम घरी पंधरा-वीस मिनिटांत होणारे आहे आणि ते टाळण्याची किंमत कित्येकदा संपूर्ण बॅटला मोजावी लागते.

ग्रिपखाली काय असते?

बॅटचे पाते विलो लाकडाचे, तर मूठ प्रामुख्याने वेताची असते. वेताच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून, त्यांच्यामध्ये रबराचे किंवा कॉर्कचे पातळ थर घालून ती तयार करतात. चेंडूचा हादरा मनगटापर्यंत कमी पोहोचावा, हा त्यामागील हेतू. या मुठीवर सुतळीसारखा मजबूत दोरा घट्ट गुंडाळलेला असतो आणि त्यावर ग्रिप चढते. ग्रिप फाटली की हाताचा घाम थेट दोऱ्यात मुरतो. दोरा सैल झाला की वेताच्या पट्ट्यांना धरून ठेवणारा आधार कमी होतो आणि मूठ तडकण्याचा धोका वाढतो. शिवाय घसरड्या ग्रिपमुळे चेंडू लागताच बॅट हातात फिरते आणि सरळ मारलेला फटका झेल होऊन हवेत जातो.

जुनी ग्रिप काढताना

ग्रिप शाबूत असेल तर ती खालच्या टोकाकडून वर गुंडाळत काढावी. फाटली असेल तर तिची कड बोटाने उचलून ब्लेडने उभी कापावी. ब्लेडची धार नेहमी बाहेरच्या बाजूस असावी. आतला दोरा कापला गेला तर काम वाढते. त्यानंतर मूठ कोरड्या फडक्याने पुसावी. दोरा सुटला असल्यास सुताराकडे मिळणारा पांढरा गोंद लावून तो पुन्हा ताणून गुंडाळावा व रात्रभर वाळू द्यावा. वेताला तडा दिसत असेल, तर मात्र नवी ग्रिप चढवून तो झाकू नये. बॅट कारागिराला दाखवावी.

नवी ग्रिप चढवताना

दुकानदार यासाठी लाकडी शंकू वापरतात. ग्रिप शंकूच्या निमुळत्या टोकावरून चढवून रुंद भागापर्यंत आणतात, शंकू मुठीच्या माथ्यावर टेकवतात आणि ताणलेली ग्रिप तेथून मुठीवर उतरवतात. घरी शंकू नसला तरी अडत नाही. नवी ग्रिप पायमोज्याप्रमाणे गुंडाळून तिचे कडे करावे, ते मुठीच्या माथ्यावर बसवून हळूहळू खाली उलगडत न्यावे. दुसरा उपाय पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीचा. पिशवी मुठीवर घालून तिच्यावरून ग्रिप सरकवावी आणि ती जागेवर आली की पिशवी ओढून काढावी. मुठीवर थोडी टाल्कम पावडर भुरभुरली तर काम सोपे जाते. शेवटी दोन्ही हातांनी ग्रिप सरळ करून आतील हवा व सुरकुत्या काढाव्यात आणि खालच्या कडेवर विजेच्या कामाची चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे ती वर सरकत नाही.

तेल, साबणाचे पाणी किंवा व्हॅसलीन मात्र लावू नये. तेलाने रबर फुगते व कमकुवत होते, पाणी दोऱ्यात मुरते. गोल्फच्या काठीची रीत निराळी आहे. तेथे दांड्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावून तिच्यावर द्रावक ओततात. पट्टी तेवढ्यापुरती निसरडी होते, ग्रिप सरकते आणि द्रावक उडून गेल्यावर पक्की चिकटते. बॅटची ग्रिप मुख्यतः रबराच्या ताणावर बसते. म्हणून ती मुठीपेक्षा किंचित अरुंदच असावी लागते.

जाडीचा हिशेब

ग्रिपची जाडी हा शोभेचा विषय नाही. मूठ जाड झाली की खालच्या हाताची बोटे तिच्याभोवती पूर्ण मिटत नाहीत आणि त्या हाताचा जोर कमी होतो. मूठ बारीक असेल तर मनगट मोकळे फिरते. वेस्ट इंडीजचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड एकावर एक अनेक ग्रिप चढवलेली जड बॅट वापरीत असे. ऑस्ट्रेलियाच्या अॅडम गिलख्रिस्टने २००७ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात खालच्या हाताच्या ग्लोव्हमध्ये स्क्वॉशचा चेंडू ठेवला होता. खालच्या हाताची पकड मोजकी राहावी, हाच त्यामागील विचार. त्या दिवशी त्याने १४९ धावा केल्या. लहान मुलांच्या बॅटवर मात्र दुहेरी ग्रिप चढवण्याचा मोह टाळावा. कोवळ्या हाताला जाड मूठ पेलत नाही आणि बॅट हातातून सुटण्याची भीती राहते. वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या बॅटने खेळणाऱ्या मुलासाठी एकच पातळ ग्रिप पुरेशी आहे.

नियमाचे बंधन

क्रिकेटच्या नियमावलीतील पाचवा नियम बॅटसंबंधी आहे. मुठीवर दोरा गुंडाळण्यास व ग्रिप चढवण्यास त्यात मुभा आहे. मुठीची लांबी बॅटच्या एकूण लांबीच्या ५२ टक्क्यांहून अधिक नसावी, असे बंधन आहे. बॅट धरलेला हात वा ग्लोव्ह हाही बॅटचाच भाग मानला जातो.

नवी ग्रिप चढवल्यावर निदान एक दिवस बॅटला विश्रांती द्यावी आणि थोडा वेळ हलक्या चेंडूवर सराव करून मगच सामन्यात उतरावे. बॅट उन्हात किंवा गाडीच्या तापलेल्या डिकीत ठेवू नये. उष्णतेने रबर लवकर कडक होते आणि चिरा पडतात. खेळ संपल्यावर कोरड्या फडक्याने ग्रिपवरचा घाम पुसण्याची सवय लावली, तर ती अधिक काळ टिकते आणि तिच्या आतली मूठही.