नांगराचा फाळ आणि लॅपटॉपचा मोडेम

शेतकरी बंधूंना आणि शिक्षक मित्रांना सुरुवातीलाच एक साधा प्रश्न विचारतो. नांगराचा फाळ झिजला तर तुम्ही काय करता? नांगर मोडीत काढता काय? नाही. लोहाराकडून फाळाला धार लावून घेता, नाहीतर नवा बसवता. जो भाग जमिनीशी झुंजतो तोच आधी झिजणार, हे नांगर घडवणाऱ्याला ठाऊक होते, म्हणून त्याने फाळ वेगळा ठेवला. आज मी तुम्हाला अशाच एका फाळाचा इतिहास सांगणार आहे. त्याचे नाव मोडेम.

मोडेम म्हणजे एक दुभाषी होय. संगणकाला शून्य आणि एक एवढे दोनच आकडे कळतात. जुनी टेलिफोनची तार मात्र माणसाच्या आवाजासाठी ओढलेली. सेकंदाला साधारण ३०० ते ३४०० कंपने असलेला आवाजच तिच्यातून नीट जातो. तेव्हा आकड्यांचे सूर करून तारेत सोडायचे आणि पलीकडे सुरांचे पुन्हा आकडे करायचे, हे मोडेमचे काम. मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांची सुरुवातीची अक्षरे जोडून हे नाव झाले.

अमेरिकेच्या हवाई संरक्षणाच्या ‘सेज’ या यंत्रणेत १९५८ च्या सुमारास मोडेम प्रथम मोठ्या संख्येने वापरात आले. १९६२ मध्ये बेल १०३ हा मोडेम बाजारात आला. तो सेकंदाला ३०० आकडे पाठवी, म्हणजे जेमतेम तीस अक्षरे! फोन लावणाऱ्या बाजूने ‘एक’ साठी १२७० कंपनांचा सूर आणि ‘शून्य’ साठी १०७० कंपनांचा. बासरीच्या दोन भोकांवर सारा व्यवहार चालावा, तसेच हे.

पण इथे एक मोठी अडचण होती, आणि ती यंत्राची नव्हती, मालकीची होती. अमेरिकेतील टेलिफोनचे जाळे बहुतांशी एटी अँड टी या एकाच कंपनीच्या हाती होते. तार तिची, घरातला फोनसुद्धा तिचा, भाड्याने दिलेला. त्याला परके यंत्र जोडायचे नाही, असा तिचा नियम. मग लोकांनी काय केले? रॉबर्ट वाइटब्रेख्ट नावाचे एक पदार्थवैज्ञानिक होते. त्यांना ऐकू येत नसे. बहिऱ्या माणसांनाही फोनवरून बोलता यावे म्हणून त्यांनी १९६४ मध्ये एक युक्ती काढली. टेलिफोनचा रिसीव्हर दोन रबरी वाट्यांत ठेवायचा. यंत्राने त्याच्या कानात सूर घालायचे आणि त्याचे सूर ऐकायचे. तारेला तार जोडायची गरजच नाही. त्यामुळे टंकलेखनासारख्या यंत्रावर एकाने लिहिलेले दुसऱ्याला दूरच्या गावी वाचता येऊ लागले.

त्याच सुमारास टेक्सस राज्यात टॉमस कार्टर या उद्योजकाने कार्टरफोन केला. लांबच्या कुरणावर किंवा तेलविहिरीवर काम करणाऱ्याचा रेडिओ त्याने अशाच रीतीने टेलिफोनशी जोडून दिला. कंपनीने हरकत घेतली. कार्टर कोर्टात गेला, आणि तिथून प्रकरण सरकारच्या दळणवळण आयोगाकडे आले. जून १९६८ मध्ये आयोगाने निर्णय दिला की, जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाने स्वतःचे यंत्र जोडावे, कंपनीने अडवू नये. निर्णय होता रेडिओच्या यंत्राचा. पण त्या वाटेने पुढे मोडेमही आला. सत्तरीच्या दशकात नियम झाले, की यंत्र तपासून नोंदलेले असले म्हणजे पुरे. भिंतीतल्या खोबणीत पिन घालायची की झाले. १९८१ मध्ये हेज कंपनीचा स्मार्टमोडेम आला. संगणकाने लेखी हुकूम द्यावा आणि मोडेमने नंबर फिरवावा, अशी सोय झाली.

आता आपल्याकडे येऊ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले, तेही टेलिफोनच्या तारेवरूनच. पुढे लॅपटॉप आले आणि मोडेम त्यांच्या पोटात गेला.

२००४ सालची गोष्ट. मी नुकताच कॉलेजात शिकवू लागलो होतो. मृगाचा पहिला पाऊस, शेतातून खांबांवरून आलेली टेलिफोनची तार आणि एक कडाडलेली वीज. लॅपटॉप चालू होता, पण इंटरनेट जोडायला गेले की ‘डायल टोन नाही’ एवढेच उत्तर! तालुक्याच्या दुकानदाराने सांगितले, “सर, अख्खा मदरबोर्ड बदलावा लागेल.” खर्च माझ्या पगाराबाहेरचा. पदार्थविज्ञानाचे एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, “अहो, नांगर कशाला टाकता? आधी फाळ बघा.”

त्यांनी दाखवलेली रीत तुम्हालाही सांगतो. आधी त्याच तारेला साधा फोन लावून सूर येतो का ते ऐकायचे. सूर नसेल तर दोष तारेत. सूर असेल तर दोरी बदलून पाहायची. मग संगणकातला ड्रायव्हर, म्हणजे मोडेम चालवणारी आज्ञावली, पुन्हा घालायची. कारण शेवटच्या काळातील अनेक मोडेमांचे निम्मे काम संगणकाचा मुख्य प्रोसेसरच करी, आणि आज्ञावली बिघडली की चांगला मोडेमही मेल्यासारखा वाटे. एवढ्यानेही भागले नाही, तर यंत्र बंद करून चार्जर आणि बॅटरी काढायची, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावायचा आणि झाकण उघडायचे.

आत काय दिसले? काडेपेटीएवढे एक कार्ड, दोन बारीक स्क्रूंनी बसवलेले. बाहेरच्या खोबणीकडे जाणारी दोन तारांची एक जोडी. तार सोडवली, स्क्रू काढले आणि कार्ड सरळ वर उचलले. मोडीतल्या एका लॅपटॉपमधून त्याच जातीचे कार्ड मिळाले, ते बसवले. त्या रात्री मोडेमची ती ओळखीची किरकिर ऐकून घरातले सगळे जागे झाले, पण मला तिच्याइतके गोड संगीत दुसरे वाटले नाही. वीज कधीकधी खोलवर जाते आणि बोर्डही जाळते, हे खरे. पण ते आधी बघायला तर हवे!

हे कार्ड वेगळे का ठेवले होते? तारेचा पहिला मार त्याला बसतो, म्हणून त्याचा फायदा आपल्याला झाला. पण मुख्य कारण कायद्याचे होते. टेलिफोनला जोडायच्या यंत्राला देशोदेशी मंजुरी लागे. कार्ड वेगळे असले की एकदा मंजूर झालेले कार्ड अनेक लॅपटॉपांत बसवता येई. म्हणजे पाहा, ते दोन स्क्रू नुसते लोखंडाचे नव्हते. १९६८ च्या त्या निर्णयापासून चालत आलेला इतिहास त्यांत होता.

आता ती खोबणी नव्या लॅपटॉपांतून गेली आहे. अमेरिकेतील एओएल या कंपनीने तारेवरची आपली जुनी सेवा सप्टेंबर २०२५ अखेर बंद केली. मोडेम मोबाइलच्या पोटात आजही आहे, पण तो बोर्डावर पक्का डाक दिलेला. कित्येक लॅपटॉपांत मेमरीही तशीच, आणि बॅटरी गोंदाने चिकटवलेली. फाळच नांगराला वितळवून जोडावा, तसा हा प्रकार.

म्हणून कार्टरचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे: पैसे मोजून घेतलेली वस्तू उघडण्याचा अधिकार कोणाचा? फ्रान्सने २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणे सक्तीचे केले. आपल्या केंद्र सरकारनेही जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू केले.

शिक्षक मित्रहो, शाळेच्या कपाटात एखादा जुना लॅपटॉप धूळ खात पडला असेल. बॅटरी काढून तो मुलांपुढे उघडा. मोडेमचे कार्ड सापडले तर त्यांना हाताने काढू द्या, पुन्हा बसवू द्या. आणि नवे यंत्र घ्यायला जाल तेव्हा, बंधूंनो, किंमत विचाराच. पण त्याबरोबर दुकानदाराला हेही विचारा की, याचा फाळ झिजला तर तेवढाच बदलता येईल ना?