दुरून ऐकणारा कान

मनाचं दुखणं यंत्राला सांगावं का? १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा संगणकाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. आपलंच वाक्य फिरवून तो प्रश्न विचारी. कळत काहीच नसे. तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करू लागले. खुद्द कर्त्यालाच त्याची धास्ती वाटली.

मग दुरून ऐकणारा माणूसच असला तर? मुंबईच्या कुर्ला तालुक्यात, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली ‘आयकॉल’ ही फोनसेवा सुरू केली; पलीकडे शिकलेला समुपदेशक बोलू लागला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सरकारची ‘टेलिमानस’ आली. क्रमांक १४४१६; पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

मोबाइलवरची ॲप्स तर मध्यरात्रीही उत्तर देतात, श्वासाचे व्यायाम शिकवतात. पण कुर्ल्यातल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात, सासू शेजारी बसली असता, सून फोनवर काय बोलणार? आणि कुणी जिवाचं बरंवाईट करायला निघालं, तर यंत्र काही धावत येत नाही. तेव्हा गुरुजी, फोन जरूर लावून द्या. पण दवाखान्याची पायरी चढताना त्याच्यासोबत आपणही चला.