पद्मिनीचा पट्टा

इंदापूर तालुक्यातल्या कळंबला वालचंद हिराचंदांनी साखर कारखाना उभा केला आणि वालचंदनगर वसलं. त्याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढं फियाट ११०० निघाली, आणि १९७० च्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. बारामतीत गॅरेज चालवणाऱ्या मला या नात्याचा अभिमान आहे. गाडी आमच्याच मुलखातल्या माणसाची.

जुन्या फियाटला डायनमो असायचा, अल्टरनेटर नंतर आला. फॅनबेल्ट मात्र एकच. तोच पंखा फिरवतो, पाण्याचा पंपही आणि चार्जिंगही करतो. म्हणून तो ढिला पडला की सगळंच बिघडतं. थंडीत सेल मारला की किंचाळतो, दिवे लावले की जास्तच.

काहीजण त्याला साबण चोळतात. मला ते अजिबात पटत नाही. आवाज दबतो, घसरणं चालूच राहतं. इंजिन बंद करून पट्टा उलटा करून बघावा. आतली बाजू काचेसारखी चकाकत असेल, चिरा असतील, तर नवाच घालावा. चांगला असेल तर अल्टरनेटरचे बोल्ट सैल करायचे, टॉमीनं तो बाहेर रेटायचा, आणि तसाच धरून बोल्ट आवळायचे. अंगठ्यानं दाबल्यावर पट्टा साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. जास्त ताणलात तर पंपाचं बेअरिंग जातं. नवा पट्टा थोडा चालला की सैलावतोच, तो पुन्हा एकदा ताणून घ्यावा लागतो.