अंतर तेच, तास वेगळे

पृथ्वीगोलावर हेलसिंकी आणि टोकियो यांच्यामध्ये एक दोरा घट्ट ताणून पहा. तो मध्य आशियातून सरळ जात नाही. वर सरकतो, सायबेरियात आर्क्टिक वृत्ताला टेकतो आणि मग खाली उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही वाट उगाच लांबची वाटते. प्रत्यक्षात सर्वांत जवळची तीच, सुमारे ७,८०० किलोमीटर. ताशी साडेआठशे किलोमीटर वेगाने उडणाऱ्या जेट विमानाला सव्वानऊ तास पुरावेत.

पण १९८३ साली फिनएअर कंपनीने ही शहरे न थांबता जोडली, तेव्हा सुमारे १३ तास लागत. सोव्हिएत संघाची हवाई हद्द टाळायची होती! म्हणून डीसी-१० विमानात इंधनाच्या जादा टाक्या बसवल्या. ते उत्तर ध्रुवावरून पलीकडे उतरे आणि बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून जपानकडे वळे.

पुढे शीतयुद्ध ओसरले, सायबेरियावरची वाट मोकळी झाली आणि प्रवास साडेनऊ तासांवर आला. युरोपभरचे प्रवासी हेलसिंकीत गोळा करून पूर्वेला न्यायचे, हा फिनएअरचा मोठा व्यवसाय याच आखूड वाटेवर उभा राहिला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले, रशियानेही तेच केले. मार्चमध्ये फिनएअरचे विमान पुन्हा ध्रुवावरून टोकियोला निघाले. विमान नवे, इंजिने कितीतरी काटकसरी. वेग मात्र जवळपास जुनाच. लागलेला वेळ, सुमारे १३ तास. प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र तेवढे मिळाले.