मृद्संधारण आणि सरोवराचे पाणी : ईरी सरोवराच्या पाणलोटक्षेत्राचा एक इतिहास

प्रास्ताविक

मृद्संधारणाविषयीच्या लेखनात एक गृहीतक वारंवार आढळते. शेतातील माती शेतातच राहिली की नदीचे आणि तलावाचे पाणी आपोआप स्वच्छ राहते, हे ते गृहीतक होय. उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवराचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास या गृहीतकाची परीक्षा घेणारा आहे. या सरोवराला मिळणाऱ्या मॉमी आणि सँडस्की या नद्यांच्या खोऱ्यांत शेतीच्या पद्धती कशा बदलल्या आणि त्यांचा सरोवराच्या पाण्यावर काय परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाणथळीतून शेतीकडे

ईरी हे उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांपैकी सर्वांत उथळ सरोवर. त्याच्या पश्चिम भागाची सरासरी खोली तर जेमतेम साडेसात मीटर आहे. याच भागात, टोलेडो शहराजवळ, मॉमी नदी सरोवराला मिळते. वायव्य ओहायोतील तिच्या खोऱ्याचा मोठा भाग एकेकाळी ‘ग्रेट ब्लॅक स्वॅम्प’ नावाच्या विस्तीर्ण दलदलीने व्यापलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर खोदून आणि जमिनीखाली भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरून ही दलदल कोरडी करण्यात आली व तेथे सुपीक शेती उभी राहिली. पुढे मातीच्या नळ्यांची जागा प्लॅस्टिकच्या नळ्यांनी घेतली. व्यवस्था मात्र तीच राहिली. शेतात मुरलेले पाणी या नळ्यांतून चरात, चरातून नदीत आणि नदीतून सरोवरात जाते. ही भूमिगत वाट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

अमेरिकेत मृद्संधारणाला शासकीय अधिष्ठान मिळाले ते १९३५ च्या कायद्याने. १९३० च्या दशकातील धुळीच्या वादळांनी हादरलेल्या त्या देशात ह्यू हॅमंड बेनेट यांनी धुपीविरुद्ध मोहीमच उभारली होती. तिचे लक्ष्य माती हे होते. पाणी हा आनुषंगिक विषय होता. १९४३ मध्ये ओहायोच्याच एडवर्ड फॉकनर यांनी नांगरटीच्या उपयुक्ततेलाच आव्हान देणारे पुस्तक लिहून खळबळ उडवली. तथापि न नांगरता पेरणी करण्याची पद्धत, म्हणजेच शून्य मशागत, मोठ्या प्रमाणावर शक्य झाली ती रासायनिक तणनाशके आल्यानंतर. संधारणाची ही पद्धत रसायनांच्या आधाराने रुजली, ही गोष्ट तिचे समर्थक सहसा आवर्जून सांगत नाहीत.

यशाचा काळ

१९६० च्या दशकात ईरी सरोवर ‘मेले’ अशी वर्णने वृत्तपत्रांतून येऊ लागली होती. त्याला मिळणाऱ्या कायाहोगा नदीवर जून १९६९ मध्ये आग लागली, आणि प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय झाला. शेवाळ माजण्यास स्फुरद कारणीभूत असल्याचे कॅनडातील शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांनी एका छोट्या तलावावरील प्रयोगाने दाखवून दिले. १९७२ मध्ये अमेरिका व कॅनडा यांच्यात महासरोवर जलगुणवत्ता करार झाला. धुण्याच्या पावडरीतील स्फुरदावर निर्बंध आले, मैलापाणी शुद्धीकरणावर मोठा खर्च झाला. ईरी सरोवरात वर्षाला येणारा स्फुरद ११,००० टनांपर्यंत खाली आणण्याचे उद्दिष्ट ठरले. शहरांकडून होणारी घट पुरेशी नाही हे ध्यानात आल्यावर लक्ष शेतीकडे वळले. स्फुरदाचा मोठा अंश मातीच्या कणांना चिकटून वाहतो. तेव्हा धूप थांबवली की स्फुरदही थांबेल, हा तर्क सरळ होता. १९८५ च्या कृषी कायद्याने धूपप्रवण जमिनींवरील शासकीय साहाय्य संधारणाशी जोडले. १९९० च्या दशकात सोयाबीनच्या क्षेत्रात शून्य मशागत झपाट्याने पसरली. नद्यांतील गाळ कमी झाला, सरोवर निवळले.

एका महाविद्यालयाच्या नोंदी

सँडस्की नदीच्या काठी टिफिन नावाच्या छोट्या शहरात हायडलबर्ग महाविद्यालय आहे (२००९ पासून त्याला विद्यापीठ म्हटले जाते). तेथील प्राध्यापक डेव्हिड बेकर यांनी १९६९ मध्ये जलगुणवत्ता प्रयोगशाळा सुरू केली. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून या प्रयोगशाळेने नद्यांवर स्वयंचलित उपकरणे बसवून दिवसाला तीन नमुने गोळा केले. अशा कामात वर्षानुवर्षे नवे काहीच हाती लागत नाही, आणि संशोधनाच्या प्रचलित मोजमापात त्याला फारसे स्थानही नसते. पण येथे नेमकी हीच चिकाटी उपयोगी पडली. प्रयोगशाळेने एकूण स्फुरदाबरोबरच पाण्यात विरघळलेल्या स्फुरदाचीही स्वतंत्र नोंद ठेवली होती. हा विद्राव्य स्फुरद १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत घटत गेला आणि त्यानंतर पुन्हा वाढू लागला. गाळ वाढला नव्हता, खतांचा वापरही पूर्वीपेक्षा कमी झाला होता. तरीही ही वाढ झाली. मातीला चिकटलेल्या स्फुरदाचा फार तर एक-तृतीयांश भाग शेवाळाला वापरता येतो, विद्राव्य स्फुरद मात्र जवळजवळ संपूर्णपणे. एकूण आकडा समाधानकारक दिसत असतानाच त्यातील घातक अंश वाढत होता.

याचे एक स्पष्टीकरण शून्य मशागतीतच सापडते. नांगरट नसल्याने वर फेकलेले खत मातीत मिसळत नाही, वरच्या काही सेंटिमीटरांतच साचते. न मोडलेल्या जमिनीत गांडुळांची बिळे व मुळांच्या वाटा टिकून राहतात आणि पावसाचे पाणी त्यांतून थेट निचऱ्याच्या नळ्यांपर्यंत पोहोचते. म्हणजे मातीचे आरोग्य सुधारण्याची जी खूण मानली जाते, तीच येथे स्फुरदाची वाट बनली. मात्र सगळा दोष या पद्धतीवर टाकणे मला मान्य नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २००२ नंतरच्या वाढीपैकी सुमारे ३५ टक्के वाटा वाढलेल्या जलप्रवाहाचा मानला. उरलेल्या वाट्यातही शरद ऋतूत खत फेकण्याची सवय आणि नळ्यांचे दाट होत गेलेले जाळे यांचा हात आहे. शिवाय शेतकऱ्यांनी शासनाने सांगितले तेच केले होते. चूक मोजमापाची होती : धोरणाने टनांत माती मोजली, एकूण स्फुरद मोजला, पण त्याचे रूप पाहिले नाही.

२०११ मध्ये सरोवरात तोवरचे सर्वांत मोठे शेवाळ पसरले. २ ऑगस्ट २०१४ रोजी नीलहरित शेवाळाच्या मायक्रोसिस्टिन या विषामुळे टोलेडोच्या जलपुरवठ्यावरील सुमारे चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी न पिण्याचा आदेश द्यावा लागला. हे विष उकळल्याने नाहीसे होत नाही, म्हणून नेहमीची सूचनाही निरुपयोगी होती. पुढील वर्षी ओहायोने पश्चिम ईरीच्या खोऱ्यात गोठलेल्या वा पाण्याने भरलेल्या जमिनीवर खत पसरण्यास कायद्याने मर्यादा घातली. २०१६ मध्ये ठरलेल्या नव्या उद्दिष्टात मार्च ते जुलै या काळात मॉमीतून येणाऱ्या एकूण स्फुरदासाठी ८६० टन आणि विद्राव्य स्फुरदासाठी स्वतंत्रपणे १८६ टन अशी मर्यादा आली. ४० टक्के घट साधण्यासाठी राज्यांनी २०२५ हे वर्ष ठरवले होते. ते सरले, उद्दिष्ट गाठले गेले नाही. आता खत जमिनीखाली पेरणे, पाणथळी पुन्हा निर्माण करणे असे उपाय चालू आहेत. वरचा स्फुरदयुक्त थर मोडण्यासाठी एकदाच खोल नांगरट करावी, असेही काही संशोधक सुचवतात. वीस-वीस वर्षे नांगर न लावलेल्या शेतकऱ्यांना हे पटणे अवघड आहे. त्यांची माती पुन्हा वाहू लागली, तर त्याची जबाबदारी कोण घेणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.